पेट्रोलच्या ट्रकमध्ये डिझेल

६ जानेवारी

मावशीकडे दोन दिवस टेकायचं आणि पुढे बंदराकडे सुटायचं, असं ठरवून आलो होतो. तिथे एक मित्र जहाजं रंगवतो, मलाही चिकटवतो म्हणाला होता. पण आज काकांनी ट्रकचं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत डोकं घालून बसले आणि म्हणाले, "हे इंजिन संपलं. डिझेलचं बसवू. भिंगरी, आहेस का महिनाभर?" मी हो म्हणालो. मला कुणी काहीही विचारलं की मी आधी हो म्हणतो, मग विचार करतो. भिंगरी हे नाव मावशीने ठेवलंय. एका जागी बूड ठरत नाही म्हणून.

ट्रक मावशीचा. काका म्हणजे तिचे यजमान, ते गाड्या दुरुस्त करतात आणि ही चालवते. खाणीतून फरशीचा दगड भरायचा, उतारावरून खाली कारखान्यात न्यायचा. माझ्या जन्माच्या आधीपासून तिचं हेच चाललंय. सुरुवातीला मुकादम बाईमाणसाला खेप देईना, तेव्हा हिने भरलेला ट्रक त्याच उतारावरून उलटा, रिव्हर्समध्ये खाली नेऊन दाखवला, असं आई सांगते. आई जरा वाढवून सांगते. मावशीला विचारलं तर म्हणाली, "अर्धाच उतार. पुढे मान अवघडली."

काका तिला म्हणाले, "ब्लॉकला चीर गेलीय."

"काल तर मजेत चढला."

"काल चढला म्हणून उद्या चढेल का? मध्येच बसला तर?"

मावशी पायरीवर बसली होती. ट्रककडे पाहत राहिली. मग आत गेली आणि भांडी जरा जास्तच आपटली.

९ जानेवारी

इंजिन बाहेर काढलं. साखळीच्या कप्पीला लटकवून तीन पायांच्या घोड्यावरून वर खेचताना मला उगाचच दात काढायच्या डॉक्टरची आठवण आली. एकदा मी एका दाताच्या डॉक्टरकडे झाडू मारायच्या कामाला होतो. तो माणूस दात उपटताना स्वतःच "आई गं" म्हणायचा. असो.

बॉनेटच्या खाली आता नुसती पोकळी आहे. मावशी दुपारी आली, तिने त्या पोकळीत डोकावून पाहिलं आणि "बापरे" म्हणाली. बस्स, एवढंच.

मी ब्लॉक ब्रशने घासून लख्ख केला. चीर कुठे आहे ते बघायचं होतं. चारी बाजूंनी पाहिलं, बोट फिरवलं, उलटा करून पाहिला. सापडली नाही.

"काका, चीर दिसत नाही हो."

"आतून आहे."

"आतूनही पाहिलं."

"तुला काय कळतंय? जा, हात धू."

संध्याकाळ व्हायच्या आत भंगारवाला येऊन इंजिन घेऊनही गेला. एवढी घाई कशाला ते कळेना. आणखी एकदा पाहिलं असतं.

१५ जानेवारी

डिझेलचं इंजिन आलं. भंगारवाल्यानेच आणलं, मागून ठोकर खाल्लेल्या एका टेम्पोतून काढलेलं. आधीच्यापेक्षा आखूड पण वजनाला दीडपट. भंगारवाला म्हणाला, "बायकोला सांभाळतो तसं सांभाळलंय." काका म्हणाले, "म्हणूनच ती माहेरी असते का?" सगळे हसले. मावशीही हसली.

आज काकांनी फरक समजावला. पेट्रोलला ठिणगी लागते. डिझेलला नको. ते इंजिन हवेला इतकं दाबतं, इतकं दाबतं, की ती तापते आणि डिझेल आपोआप पेटतं. मी म्हणालो, "मावशीसारखं." काका हसले नाहीत.

या दोघांचं एक मला आवडतं. सकाळी मावशी बाहेर पडायच्या आधी काका तिच्या चपला उचलतात, झटकतात आणि आत हात घालून तळाशी बोटं फिरवतात. मग तिच्या पुढ्यात ठेवतात. विंचवाची भीती असेल. स्वतःच्या चपलांना मात्र असं काही करत नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी एवढं प्रेम! मी लग्न केलं तर असाच वागेन. करणार नाही म्हणा.

२१ जानेवारी

इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जुळत नाहीत. मधे एक जाड पोलादी प्लेट घालावी लागते, तिला दोन्हीकडची भोकं अगदी बरोबर यायला हवीत. दिवसभर मी भोकं पाडली. एक चुकलं. काकांनी नुसतं पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुपारी वाईट झालं. जमिनीवर ड्रिलचा कीस पडला होता, वस्तऱ्यासारखा धारदार. मावशी चहा घेऊन आली, कप ठेवले, परत गेली. मग मागे वळून म्हणते, "कुणाचं रक्त सांडलंय रे? भिंगरी, बोट कापून घेतलंस का?"

रक्त तिचंच होतं. शेडपासून दारापर्यंत पावलं उमटली होती, सगळी उजव्या पायाची. काकांनी तिला खुर्चीत बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि चिमट्याने कीस ओढून काढला. बोटभर लांब होता. मी तर बघूनच डोळे मिटले. तिने हूं की चूं केलं नाही. भांड्यात दूध उतू जाईल म्हणून आत बघत होती. अशी सोशिक बाई मी पाहिली नाही.

काका पाय बांधत होते. मान वर केली नाही त्यांनी.

२८ जानेवारी

इंजिन बसलं. ते टेकवायची माउंटिंग वेल्डिंग करून घेतली. पेट्रोलची टाकी धुतली, वाळवली, परत धुतली.

डिझेलबरोबर त्याचा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आला होता. त्याच्या पाठीला एक छोटा डबीसारखा पंप आहे. मी तो पुसून चकचकीत करून काकांपुढे ठेवला. काका म्हणाले, "बोल्ट जुळत नाहीत. जुनाच डायनॅमो लावू." आणि पंपासकट तो गोणपाटात गुंडाळून बाकड्याखाली सरकवला. मी रिकामा होतो म्हणून लावून पाहिला, बोल्ट तर जुळतात. पण म्हटलं, जाऊ दे. परत चीर शोधल्यासारखं होईल.

ब्रेककडून येणारी एक जाड रबरी नळी मोकळी राहिली होती. आधी ती पेट्रोलच्या इंजिनाला जोडलेली होती. काकांनी तिला बूच मारलं.

२ फेब्रुवारी

सुरू झालं! आधी खोकलं, मग पांढरा धूर, मग सगळं पत्र्याचं शेड थरथरायला लागलं. शेल्फवरची एक बरणी चालत चालत कडेला आली, मी झेलली. डिझेल किल्लीने बंद होत नाही, एक तार ओढून त्याचा घास तोडावा लागतो. मी चार-पाच वेळा उगाच सुरू-बंद केलं.

मावशी चढली. अंगणात गाडी फिरवली. एकदम सरळ, एकदम हळू. मग थांबायचं झालं तर गाडी थांबेचना, भिंतीच्या इतकी जवळ गेली की मी ओरडलो. उतरली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"ब्रेक दगड झालाय," ती म्हणाली.

"नवीन लायनर आहेत. बसतील हळूहळू."

"दोन्ही पायांनी दाबला मी."

"आता वयही झालं की आपलं." काका हे बोलताना पान्हा पुसत होते. पान्हा आधीच स्वच्छ होता.

मावशीने बॉनेटवर हात ठेवला. "आणि हे काही सांगतच नाही हो. किती दाबलं, किती सोडलं, काही कळत नाही. एकाच सुरात बडबडतंय."

मी म्हणालो, "मावशी, इंजिन आहे ते. शेजारीण नाही."

मला वाटलं हसेल. ती चपला शोधत खाली बघत होती, एक मागेच क्लचपाशी राहिली होती.

८ फेब्रुवारी

ट्रक उभाच आहे. मुकादमाचा माणूस दोनदा येऊन गेला. मावशी रोज सकाळी केबिनमध्ये चढून बसते, ब्रेक दाबून बघते, इंजिनाला मनसोक्त शिव्या घालते आणि उतरते. काल म्हणाली, "या मुडद्याला उतारावर नेला तर मला घेऊन मरेल." काका पलीकडेच होते. ऐकून चेहरा पडला नाही. उलट जेवताना त्यांना भूक चांगली होती. माणूस महिनाभर राबून इंजिन बसवतो, ते चालत नाही, आणि याला भूक!

मावशी मात्र निम्मी झालीय. पायरीवर बसून असते. समोरच्या रस्त्याने दुसऱ्यांचे ट्रक जातात, तेव्हा न बघताच सांगते, "याचा क्लच घसरतोय," "हा तिसऱ्यात न्यायला हवा होता." मला तिच्याकडे बघवत नाही. बंदराचा विचार महिन्याभरात एकदाही डोक्यात आला नाही, आज लिहिताना लक्षात आलं.

१० फेब्रुवारी

भंगारवाल्याकडे बोल्ट आणायला गेलो होतो. तिथे एका खोक्यात खेळणी होती, चावीचं माकड वगैरे, ते दुरुस्त करण्यात माझा अर्धा दिवस गेला. निघताना सहज ब्रेकचं सांगितलं. तो हसायलाच लागला.

"पंप लावला नाही होय रे? मग दगडच होणार."

त्याने सांगितलं ते असं. ब्रेकला एक मोठा गोल डबा असतो. त्यातली हवा ओढून घेतली की नुसता पाय टेकला तरी ब्रेक लागतो. पेट्रोलचं इंजिन ती हवा आपली आपण ओढतं. डिझेलला ते जमत नाही, म्हणून अल्टरनेटरच्या पाठीवर पंप देतात. तो लावला नाही तर सगळं पायाच्या जोरावर.

"तुझ्या काकाला सांग."

"त्यांना माहीत नसेल."

"माहीत नसेल? अरे, मला कुणी शिकवलं हे? त्यानेच!"

म्हणजे काका विसरले. वाईट वाटलं. एवढा हुशार माणूस, पण वय झालं की असं होतं. तोंडावर सांगितलं तर त्यांना लागेल. परवा ते स्प्रिंगचे पाटे आणायला शहरात जाणार आहेत, दिवसभर नसतील. तेवढ्यात गुपचूप लावून टाकतो. मावशीचा चेहरा बघायचाय मला.

१२ फेब्रुवारी

आजचं सगळं एका दमात लिहितोय, अक्षर लागलं तर लागलं.

काका सकाळी गेले. मी पंप बसवला, तेलाची नळी दिली, बूच काढून ती जाड रबरी नळी जोडली. इंजिन सुरू केलं, ब्रेकवर हात ठेवला. लोण्यात गेल्यासारखा खाली गेला. मी ओरडलोच. मावशी धावत आली, चढली, दाबून पाहिलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहान असतानाही तिने कधी असं केलं नव्हतं. म्हणाली, "बस शेजारी. एक खेप टाकून येऊ. काका यायच्या आत."

खाणीत सगळे तिला बघून खूष. मुकादम म्हणाला, "आलीस का बाई, आम्हाला वाटलं रिटायर झालीस." ती म्हणाली, "तुला पोचवल्याशिवाय नाही." दगड भरला. निघालो.

पहिलं वळण ठीक गेलं. दुसऱ्याच्या आधी तिने ब्रेक दाबला, गाडी मंदावली, पण इंजिनचा आवाज उतरला नाही. मला वाटलं डिझेल असंच बोलत असेल. मग गाडी ब्रेकही घेत होती आणि पळतही होती. खाली वजनकाट्यापाशी माणसं रांगेत उभी दिसत होती. मी खाली पाहिलं. तिचा पाय अर्धा ब्रेकवर होता आणि अर्धा ॲक्सिलरेटरवर.

"मावशी, तुझा पाय!"

"कुठंय?"

"काय कुठंय?"

"माझा पाय कुठंय, सांग ना रे!"

ती समोर बघत होती, दोन्ही हात स्टीअरिंगवर. रस्त्यावरून डोळे काढता येत नव्हते आणि पायाचं तिला कळत नव्हतं. मी खाली घुसलो, तिचा घोटा धरून पाय ओढला आणि दोन्ही हातांनी ब्रेक दाबला. तिने गाडी कडेच्या खडीच्या ढिगात घातली. मागे दगड एकमेकांवर आदळल्याचा आवाज झाला. थांबलो.

कुणाला काही झालं नाही. मी तार ओढून इंजिन बंद केलं. तेव्हा एवढी शांतता झाली की तिचा श्वास ऐकू आला.

मग म्हणाली, "घोट्याच्या खाली काहीच जाणवत नाही. साखरेच्या आजाराने गेलं. दोन वर्षं झाली असतील."

"मग चालवत कशी होतीस?"

"ते सांगायचं मला. जुनं इंजिन. पाय किती गेला ते आवाजावरून कळायचं. जरा चुकला की लगेच किंचाळायचं. याचं काही कळत नाही."

मी गाडी चालवत परत आणली. वाटेत म्हणाली, "काकांना सांगू नकोस. त्यांना माहीत नाही."

तेव्हा मला चपला आठवल्या. आत फिरणारी बोटं आठवली. मी गिअर बदलला.

१३ फेब्रुवारी

काका काल संध्याकाळी आले. पुढचा चेपलेला पत्रा पाहिला, बॉनेट उघडलं.

"हा पंप कुणी लावला?"

"मी," मी म्हणालो. "तुम्ही विसरला होतात."

ते ओरडतील असं वाटलं. ते चाकाला पाठ टेकून खालीच बसले. मावशी दारात आली. मी जायला हवं होतं, पण पाय निघाला नाही.

"विसरला नव्हतात," मावशी म्हणाली. "हो ना?"

काकांनी मान डोलावली.

"आणि चीर?"

"चीर नव्हती."

"म्हणजे चांगलं इंजिन भंगारात घातलंत."

"गाडी उभी राहिली, तेवढे दिवस तू तरी उभी राहिलीस." काका जमिनीकडे बघून बोलत होते. "सायलेन्सरला पाय चिकटला होता तुझा, मागच्या वर्षी. तू बोलत होतीस माझ्याशी. मला वास आला, तुला कळलं नाही. तेव्हापासून उतारावरून गाडी खाली गेली की मी काम सोडून कान देऊन बसतो."

"तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"ऐकलं असतंस?"

मावशी म्हणाली, "नाही."

"मग."

"म्हणून मला वाटावं, इंजिनच वाईट आहे. मी रोज त्याला शिव्या देत होते आणि तुम्ही जेवत होतात."

"इंजिनाला दिल्या तर चालतं. तुझा तुला राग आला असता, तर ते नसतं बघवलं."

मावशी आत गेली. भांड्यांचा आवाज झाला नाही. तो झाला असता तर बरं वाटलं असतं.

आणि मी काय केलं होतं? ज्याने ती थांबली होती, तेच काढून टाकलं. प्रेमाने! आज पिशवी भरून दारापर्यंत गेलो. काकांनी पाहिलं. म्हणाले, "पत्रा सरळ करायचाय. हातोडी घे." मी पिशवी ठेवली.

१७ फेब्रुवारी

दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मावशी काकांशी माझ्यामार्फत बोलते, तेही ते समोर असताना. "भिंगरी, त्यांना सांग मीठ कमी आहे." आज मात्र सकाळी चपला तशाच पडल्या होत्या, काकांनी हात लावायचं धाडस केलं नसावं. मावशी उंबऱ्यावर उभी राहिली. मग म्हणाली, "आज बघायच्या नाहीत का?"

काका उठले.

दुपारी ती एकटीच मुकादमाकडे जाऊन आली. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. आल्यावर मला विचारलं, "तुझा जड वाहनाचा परवाना अजून चालू आहे?" आहे. भाजीच्या बाजारात टेम्पोवर होतो तेव्हा काढलेला. तिथला मालक एक पोपट पाळायचा... ते नंतर कधी.

२२ फेब्रुवारी

आज पहिली खेप नेली. स्टीअरिंगवर मी. मावशी शेजारी.

निघताना काका रस्त्यापर्यंत आले. तिला म्हणाले, "घरी थांबलीस तरी चाललं असतं." ती म्हणाली, "याला एकट्याला पाठवू? हा मधेच उतरून फुलपाखराच्या मागे जाईल." काका हसले नाहीत, पण गाडीचा दरवाजा त्यांनीच लावला, दोनदा ओढून पाहिला.

उताराच्या तोंडाशी मी थांबलो. ती म्हणाली, "दुसऱ्यात टाक. आता मला विचारू नकोस. मी काही सांगणार नाही. सांगत बसले तर तुला कधी येणार नाही."

आणि खरंच ती बोलली नाही. खिडकीबाहेर बघत बसली, परक्या गाडीत बसल्यासारखी.

पहिल्या वळणाच्या अलीकडे माझ्या टाचेखालचा पत्रा हलला. टप्प. मला वाटलं काहीतरी सुटलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. मावशीचा उजवा पाय होता तो. तिच्यापुढे पेडल नाही, नुसता पत्रा आहे. त्या पत्र्यावर पाय दाबला जात होता. मी घाईने ब्रेक लावला. उशीरच झाला होता मला, वळण जरा मोठं गेलं.

दुसऱ्या वळणाला परत. टप्प. या वेळी मी त्याबरोबरच दाबला. गाडी अशी वळली की मागचा दगड हललासुद्धा नाही. मग मी वळणांकडे बघितलं, पण वाट पाहिली ती पत्र्याची. पाय दाबला की दाबायचं, उचलला की सोडायचं. मला जिथे काहीच दिसत नव्हतं अशा एका सरळ जागीही तो दाबला गेला. मी दाबला, आणि पुढे रस्त्यावर ओल होती.

मावशी बाहेरच बघत होती. पाय काय करतोय ते तिला माहीत नव्हतं. कसं असणार?

खाली वजनकाट्यावर उभा राहिलो. सगळं अंग भिजलं होतं. ती माझ्याकडे वळली. "कुठे शिकलास रे? ओलीच्या आधी दाबलास. मला ते समजायला पाच वर्षं लागली."

सांगावंसं फार वाटलं. तोंड उघडलंसुद्धा.

"तूच शिकवलंस," मी म्हणालो.

"मी? मी तर तोंड उघडलं नाही."

उद्या दोन खेपा आहेत.